सात टक्क्याच्या पट्ट्या

दाताच्या कवळ्या बनवायचं काम करतो मी. लातुरात गंजगोलाईपासून थोडं आत गल्लीत लॅब आहे, डॉक्टर माप पाठवतात आम्ही कवळी करून परत पाठवतो, पेशंटचा आणि आमचा तसा संबंध येत नाही. हे सांगतोय ते २०१६ च्या एप्रिलमधलं. लोकांना ते वर्ष म्हटलं की मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते, मला त्या ४० पट्ट्या आठवतात.

झालं असं की एक मॅडम एमडीएस (दाताच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करत होत्या, त्यांचा थिसिस होता कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये, म्हणजे त्या गुलाबी प्लास्टिकमध्ये, झिर्कोनिया या कडक सिरॅमिकची नॅनो पावडर घालून ते किती मजबूत होतं ते बघायचा. पट्ट्या बनवायचं काम माझ्याकडं आलं. ६४ मिमी लांब, १० रुंद, ३.३ जाड, अशा ४०. दहा साध्या, दहामध्ये ३ टक्के पावडर, दहामध्ये ५ आणि दहामध्ये ७. मला वाटलं काय अवघड आहे, वीस वर्षं गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवतोय, त्यात अजून एक पांढरी पावडर. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं, काका ही साधी पावडर नाही, हिचा एक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा, आणि एवढे बारीक कण एकटे राहत नाहीत, संधी मिळाली की एकमेकांना चिकटून गोळा होतात. अॅक्रिलिकमध्ये सुटे सुटे पसरले तर चीर पुढं सरकताना त्यांना अडते, वळसे घेते, म्हणून मोडायला जोर जास्त लागतो. पण गोळा झाला की उलटं, चीर तिथूनच सुरू होते. म्हणून त्या पावडरीला आधी सायलेन नावाचं रसायन लावून आणलेलं, ते जणू एका हातानं कणाला धरतं आणि दुसऱ्या हातानं अॅक्रिलिकला. मग लिक्विडमध्ये टाकून अल्ट्रासोनिकच्या (बारीक कंपनांनी हलवणाऱ्या) छोट्या डब्यात हलवायचं (तो डबा त्यांनी माझ्याच लॅबमध्ये आणून ठेवला होता) आणि हलवून झालं की लगेच गुलाबी पावडरीत कालवायचं. लगेच हा शब्द त्यांनी तीनदा म्हटला, ते मला आजही ऐकू येतं.

आता आमच्या धंद्याला पाणी किती लागतं हे बाहेरच्याला कळत नाही. प्लास्टरला पाणी, ट्रिमरला पाणी, फ्लास्कमधलं मेण काढायला उकळतं पाणी (फ्लास्क म्हणजे साचा, त्यात आधी मेणाचा नमुना बसवतात, मग मेण काढून त्या जागी अॅक्रिलिक भरतात), आणि मग शिजवायला आख्खी टाकी. आधी ७४ डिग्रीवर दोन तास, मग उकळत्यात एक तास. घाई करून सुरुवातीलाच उकळत्यात टाकलं की आतलं लिक्विडच उकळतं, शंभरच्या आसपासच त्याचा उकळबिंदू, आणि कवळीत बुडबुडे राहतात. अन त्या वर्षी नळाला पाणी नाही, मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या जागी भांडणं नकोत म्हणून मार्चपासून १४४ कलम लागलेलं. १२ एप्रिलला पहिली रेल्वे आली, ५ लाख लिटर घेऊन, सगळं गाव बघायला गेलं पण ते पाणी काय थेट माझ्या टाकीत येणार नव्हतं, मी आपला टँकरवाल्याला फोन लावत बसायचो.

साध्या, ३ आणि ५ च्या पट्ट्या नीट झाल्या. सातवाल्यांच्या दिवशी मॅडमनी संध्याकाळी पाचला लिक्विड हलवून बाटली हातात दिली आणि ड्युटीवर पळाल्या. टँकर पाचला येणार होता, फ्लास्क तयार होते पण मेण काढायला पाणीच नाही, आणि मेण काढल्याशिवाय पॅकिंग कसं करणार. टँकर आला रात्री नऊला. चार तास बाटली तशीच टेबलावर. झिर्कोनिया त्या लिक्विडपेक्षा पाचसहा पट जड, खाली बसणारच, मला बुडाशी पांढरा थर दिसला पण. परत त्या डब्यात ठेवून हलवायला पाहिजे होतं, एवढं साधं होतं, पण लोडशेडिंगमुळं लाईट नव्हती आणि सकाळी डॉक्टरच्या दोन कवळ्या द्यायच्या होत्या, मग मी काय केलं, बाटली हातानं खळाखळा हलवली आणि ओतली. उन्हाळ्यात डो, म्हणजे कालवलेलं अॅक्रिलिक, लवकर घट्ट होतो, बघत बसायला वेळ नसतो. पटापट पॅक केलं, लाईट आल्यावर शिजायला टाकलं. वरून पट्ट्या इतक्या गुळगुळीत आल्या की मलाच बरं वाटलं. मॅडमना काही बोललो नाही.

टेस्टिंगचा दिवस उजाडला. सकाळीच औशाकडचे एक आजोबा रुमालात बांधून वरची कवळी घेऊन थेट लॅबवर, मधोमध दोन तुकडे, त्याच्यावर फेविक्विक लावलेलं. हे फेविक्विक म्हणजे आमच्या डोक्याला ताप, तुकडे वाकडे चिकटतात आणि मग नीट जुळत नाहीत. तिसऱ्यांदा मोडली म्हणाले. त्यांना कुणीतरी सांगितलेलं, "मालक, तुमी काय तरी नवी पावडर घालालाव म्हनं, तीच घाला की माझ्यात, भाकर खाता येईना." मी म्हटलं बाबा ती अजून तपासणीतच आहे, तोंडात घालायला नाही, आणि घातली तर हिरडी पांढुरकी दिसंल. तरी बसलेच. कवळी हातात घेऊन बघितली तर मटेरियलचा दोषच नव्हता. कवळी करून नऊ वर्षं झालेली, तेवढ्यात जबड्याचं हाड दोन्ही बाजूनं झिजतं, टाळूचा मधला कडक भाग मात्र तसाच राहतो, मग कवळी मधोमध टेकून डुगडुगते, प्रत्येक घासाला जराशी वाकते, तार वाकवून वाकवून तुटते तसं. त्यात ओठाच्या मधल्या पट्टीसाठी पुढं ठेवलेली खाच खोल, वर सुपारी चालू. चीर खाचेतूनच निघालेली दिसत होती. जोडून दिली असती तर चौथ्यांदा मोडली असती. डॉक्टरकडं परत पाठवलं, आतून नवं माप घेऊन या म्हणून. नाराज होऊन गेले.

मग मॅडमबरोबर गावाबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. पट्ट्या ३७ डिग्रीच्या डिस्टिल्ड पाण्यात ५० तास ठेवून आणलेल्या. खाली दोन टेकू, ५० मिमी अंतरावर, त्यावर पट्टी आडवी, वरून मधोमध एक दांडा मिनिटाला ५ मिमीच्या वेगानं खाली येतो. पट्टी वाकते वाकते आणि कट. साध्या पट्ट्या मोडल्या, सगळ्या ६५ मेगापास्कलच्या वर, म्हणजे स्टँडर्डमध्ये बसल्या, मला जरा अभिमानच वाटला. तीनवाल्या त्यापेक्षा जास्त जोर घेऊन मोडल्या, मॅडम हसायला लागल्या, पाचवाल्या पण साध्यांपेक्षा बऱ्या. मग सातवाल्या. पहिली मोडली साधीच्या पण आधी. मॅडम म्हणाल्या एखादी असते. दुसरी, तिसरी. चौथीनंतर त्या बोलायच्याच बंद झाल्या, ऑपरेटर पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

मी मोडलेला तुकडा उचलून खिडकीपाशी नेला. मोडलेल्या जागी गुलाबीत पांढरे ठिपके, नुसत्या डोळ्यानं दिसतील एवढे. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे. बाहेरून कळायला मार्ग नव्हता. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या काका मी सायलेन कमी लावलं का हो, पावडर जास्त झाली का, सर काय म्हणतील. आणि त्या स्वतःचीच चूक शोधत होत्या म्हणून मला राहवलं नाही. नाहीतर खरं सांगतो, गप्प बसलो असतो. टँकरचं, चार तासांचं, बुडाच्या थराचं सगळं सांगितलं.

चिडल्या. चिडायलाच पाहिजे होतं. म्हणाल्या मी हे आकडे थिसिसमध्ये तसेच टाकले असते, सात टक्क्याला ताकद कमी होते म्हणून, आणि कारण खोटं लिहिलं असतं. परत येताना रिक्षात एक शब्द नाही.

सातच्या दहा पट्ट्या परत केल्या, पैसे घेतले नाहीत, पावडर मात्र त्यांचीच गेली आणि ती काय स्वस्त नसते. या वेळी दोन कॅन आधी भरून ठेवले, मेण आधी काढलं, फ्लास्क उघडे ठेवले आणि मगच मॅडमना फोन केला. बाटलीवर पट्टी चिकटवून किती वाजता हलवली ते लिहिलं. नव्या पट्ट्या साध्यांच्या वर गेल्या, पण तीनवाल्यांच्या खालीच राहिल्या. म्हणजे नीट कालवलं तरी सातला कण एवढे दाट होतात की थोड्या गुठळ्या होतातच, असं मॅडम म्हणाल्या. त्यामुळं माझी चूक किती आणि पावडरीचा स्वभाव किती हे आता दोन्ही बॅच शेजारी ठेवून दिसत होतं, त्यांनी दोन्ही आकडे सरांना दाखवले.

औशाचे आजोबा नवं माप घेऊन आले होते, आतून अस्तर भरून दिलं. दिवाळीनंतर परत दारात, परत रुमाल. मी म्हटलं आता काय झालं, कवळी तर नीट बसत होती. तर म्हणाले, पाऊस चांगला झाला, नळाला पाणी आलं, उन्हाळाभर वाटीतल्या पाण्यात धुवायचो, आता म्हटलं नळाखाली मोकळी धुवावी, तर हातातून सटकून फरशीवर पडली.