मुकं रिव्हॉल्वर

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन मुद्देमाल होते, लाखेच्या सीलसकट. ठाणी वेगळी, पण जबाबातलं वाक्य एकच: ‘घोडा ओढलाच नाही, गोळी आपोआप सुटली.’ यातला घोडा कोणता, हे आधी ठरवावं लागतं. बोटाने ओढायचा चाप आणि मागून पुढे आपटणारा हॅमर, दोघांनाही लोक घोडाच म्हणतात. मी हॅमरला घोडा म्हणतो.

पहिलं होतं ग्लॉक १७ पिस्तूल. त्याला घोडाच नसतो, आत स्प्रिंगवरचा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारी पिन, असतो. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) बंद झाली की तो अर्धवट ताणलेला राहतो. उरलेला ताण चाप ओढताना पुरा होतो आणि स्ट्रायकर सुटतो. त्याच्या वाटेत एक अडसर असतो, चाप मागे गेल्याशिवाय तो हटत नाही. नळी उभी धरून चापाला वजनं टांगली. अडीच किलोच्या आसपास सुटला, म्हणजे ठीकच. अडसरही जागेवर होता. उत्तर जबाबातच सापडलं: ‘मॅगझीन काढून साफ करायला घेतलं.’ ग्लॉकची स्लाइड उतरवायची तर आधी चाप ओढावाच लागतो, आणि मॅगझीन काढलं तरी चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आधीच चढलेला, राउंड आतच असतो. ज्याचा हात ब्राउनिंग हाय-पॉवरवर बसलेला आहे, त्याच्याकडून हे सहज होतं. त्या सिंगल अ‍ॅक्शन (घोडा आधी मागे ताणलेला असावा लागतो अशा) पिस्तुलाच्या मूळ रचनेत मॅगझीन बाहेर असलं की चाप काम करत नाही. जुन्या हत्याराने लावलेली सवय नव्या हत्यारावर अंगाशी आली.

दुसरं स्मिथ अँड वेसनचं .३८ रिव्हॉल्वर, दुसऱ्या महायुद्धातलं ‘व्हिक्टरी’. जबाब असा की फळीवरून फरशीवर पडलं आणि गोळी छतात गेली. खरं सांगायचं तर मला हे पटलं नव्हतं. घोडा आधी अंगठ्याने मागे ताणला असेल, तर दोनएक किलोत चाप सुटतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये चापच घोडा मागे नेतो, त्याला पाचसहा किलो लागतात. तिथे ‘चुकून बोट लागलं’ सहसा चालत नाही. (२५ मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाला १००० ग्रॅमही नियमात बसतात, पण ते कमरेला लावून कोणी गस्त घालत नाही.)

वजनं दोन्ही पद्धतींत नेहमीसारखीच आली. पण पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी कॅप असते, तिच्यावरचा घोड्याचा खड्डा उथळ होता. पूर्ण ताणातून आलेल्या घोड्याचा खड्डा खोल पडतो. घोड्याच्या शेपटीवर ताजा ओरखडा होता आणि त्यात फरशीची पूड अडकलेली.

क्रमांकाआधी ‘एसव्ही’ अक्षरं होती. १९४४ मध्ये असंच एक रिव्हॉल्वर जहाजाच्या पोलादी डेकवर पडून उडालं आणि अमेरिकी नौदलाचा खलाशी गेला. त्यानंतर घोडा आणि फ्रेम यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवली गेली. ‘एसव्ही’ म्हणजे पट्टी असलेलं. चाप मोकळा असताना ती आड उभी राहते, चाप ओढला की खाली सरकते. ती सैल बसते, त्यामुळे रिव्हॉल्वर कानाशी हलवलं की बारीक खुळखुळ ऐकू येते.

हे हलवलं. आवाज नाही.

बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उचकटायचं नसतं, कड वाकते. मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने ठोकलं की ते आपसूक वर येतं. आत पट्टी नव्हतीच. साफसफाईत झाकण निघतं तेव्हा ती गळून पडते, आणि तिच्याशिवाय रिव्हॉल्वर अगदी सुरळीत चालतं. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पट्टी नसली की न ताणलेल्या घोड्याला थोपवायला फक्त रिबाउंड स्लाइड (चापामागचा, स्प्रिंगवर सरकणारा तुकडा) उरते, आणि तिच्या टेकणीवर चकचकीत ताजा दबका होता.

दारू-गोळी नसलेल्या, नुसती कॅप बसवलेल्या पुंगळ्या भरून घोड्यावर रबरी हातोडा मारला. चौथ्या फटक्याला कॅप उडाली. खड्डा तसाच उथळ. जबाब खरा होता.

अहवालासोबत त्या कोतातली (शस्त्रागारातली) बाकीची रिव्हॉल्वर तपासणीला मागवली. अकरा आली. एकेक कानाशी धरून हलवलं. तीन मुकी निघाली.