तीनचाकी मोटार आणि कस्टम बाइक: कागदावर एक, रस्त्यावर दोन

अमेरिकेत तीन चाकांचं वाहन केंद्रीय नियमांनुसार मोटारसायकल धरलं जातं. मोटारीच्या क्रॅश टेस्टच्या अटी त्याला लागत नाहीत. फिनिक्सच्या एलिओ मोटर्सनं बंद केबिनची गाडी ६,८०० डॉलरला द्यायचं ठरवलं ते याच आधारावर. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक करून घडवलेल्या कस्टम बाइकशी तिची तुलना होते तीही यामुळेच. पण पेट्रोल वाचवायचं असेल तर तीनचाकीच सरस ठरते, आणि त्याचं कारण हवा आहे.

एलिओचा आराखडा असा होता: पुढे दोन चाकं, मागे एक, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, दोन माणसं एकामागे एक. इंजिन ०.९ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ५५ अश्वशक्तीचं. हायवेवर गॅलनला ८४ मैल, म्हणजे लिटरला साधारण ३५.७ किमी हे लक्ष्य. माणसं शेजारी न बसवल्यामुळे गाडीची रुंदी घटते आणि हवेला आडवं येणारं क्षेत्रफळ कमी होतं. मायलेज मुख्यतः इथून येतं, इंजिनातल्या एखाद्या करामतीतून नाही.

ताशी ९० किमी वेगाचा अंदाजी हिशेब करू. ताठ बसलेल्या चालकासह उघड्या बाइकचा हवेच्या अडथळ्याचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरला, तर फक्त हवा कापायला ५.६ किलोवॅट लागतात. अरुंद, बंद, निमुळत्या तीनचाकीला ०.३५ धरला, तर ३.३ पुरतात. ती जड असली तरी टायरच्या घर्षणात फार फरक पडत नाही. चॉपरवर, म्हणजे लांब फोर्कच्या कस्टम बाइकवर, तर उंच हँडल आणि पुढे नेलेले फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) असतात. हात वर, पाय पुढे, छाती उघडी, म्हणजे हवेला पूर्ण अडथळा. त्यात १,६०० सीसीचं व्ही-ट्विन, म्हणजे V आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन. एवढ्या वेगाला त्याचा थ्रॉटल जेमतेम उघडतो आणि सिलिंडरमध्ये हवा ओढण्यातच बरीच शक्ती वाया जाते. अशी बाइक लिटरला १७-१८ किमी देत असेल तर तिच्यात बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे.

तीनचाकीत खरा प्रश्न एकटं चाक कुठे आहे, हा. पुढे दोन चाकं असतील तर वळणावर उलटण्याची मर्यादा अशी काढतात: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, गुणिले मागच्या चाकापासून गुरुत्वमध्याचं अंतर, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर). चाकांमधलं अंतर १.५ मीटर, उंची ०.५ मीटर आणि गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलमागे एक तृतीयांशावर असेल, तर उत्तर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा बाजूचा ओढा. साध्या टायरची पकड ०.८ जीच्या आसपास संपते, म्हणजे गाडी उलटण्याआधी घसरेल. हेच हवं असतं.

इंग्लंडची रिलायंट रॉबिन (१९७३) याच्या उलट. एक चाक पुढे आणि इंजिनही पुढेच. वळणावर ब्रेक मारला की वजन नेमकं त्या एकट्या चाकाकडे सरकतं. आपल्या रिक्षालाही पुढे एकच चाक असतं, पण इंजिन मागे, दोन चाकांजवळ, आणि वेग कमी. म्हणून तीच मांडणी तिथे निभावते. जुनी रॉबिन पाहायला गेलात तर फायबरग्लासची चकाकी बघू नका, खाली वाका. बॉडी गंजत नाही, चासी गंजते. पुढच्या चाकाच्या किंगपिनला (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीला) ग्रीस मिळालेलं नसेल तर चाक हलवल्यावर खेळ जाणवतो.

कस्टम बाइकचं सगळं भलंबुरं पुढच्या फोर्कच्या कोनात असतं. हँडल ज्या अक्षावर वळतं तो उभ्या रेषेपासून जितका कललेला, तो रेक. त्या अक्षापासून चाकाचा अ‍ॅक्सल जितका पुढे, तो ऑफसेट. आणि तो अक्ष जमिनीला जिथे भिडतो ती जागा चाक टेकतं त्याच्या जितकी पुढे, तो ट्रेल. चाकाची त्रिज्या ३४० मिमी, ऑफसेट ६० मिमी आणि रेक ३० अंश असेल तर ट्रेल १२७ मिमीच्या आसपास येतो. नेक (फ्रेमचा स्टीअरिंग स्टेम धरणारा पुढचा भाग) कापून रेक ४० अंश केला की ट्रेल २०० मिमीच्या वर जातो. हायवेवर बाइक सरळ पळते, पण पार्किंगमध्ये हँडल एका बाजूला कोसळतं. उपाय म्हणजे ५ अंशांचे रेक्ड ट्रिपल ट्री, म्हणजे फोर्क स्टेमपेक्षा ५ अंश जास्त कलता धरणारे क्लॅम्प. फोर्कची लांबी ७५० मिमी धरली तर ट्रेल पुन्हा १२० मिमीवर येतो. घात होतो तो हेच ट्री मूळच्या ३० अंशांच्या नेकवर बसवल्यानं. बाइक लांब दिसते, पण ट्रेल ५० मिमीच उरतो आणि वेगात हँडल थरथरू लागतं. ही चूक जीवघेणी आहे, आणि केवळ दिसण्यासाठी ती केली जाते याचं फार वाईट वाटतं.

मोजणं सोपं आहे. बाइक सरळ उभी करा, चालकाला बसवा. अ‍ॅक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. स्टीअरिंग स्टेमच्या मध्यरेषेत लेसर धरून दुसरी खूण करा. स्टेमची खूण पुढे हवी आणि दोन्हींत ७५ ते १२५ मिमी अंतर हवं.

दोन्ही जगं जोडणारी एक गाडी आहे: २०११ ते २०२१ दरम्यान निघालेली मॉर्गन थ्री व्हीलर. तिचं १,९८३ सीसीचं व्ही-ट्विन एस अँड एस या विस्कॉन्सिनमधल्या कंपनीचं. ही कंपनी कस्टम बाइकवाल्यांना इंजिनं पुरवण्यासाठी ओळखली जाते. अप्रतिम गाडी, पण स्वस्त मुळीच नाही.

स्वस्त तीनचाकी एकेक करून बनतच नाही. पत्रा घडवायचे साचे (डाय), इंजिनाची चाचणी, असेंब्ली लाइन हा खर्च हजारो गाड्यांवर वाटला गेला तरच किंमत खाली येते. एलिओनं लुइझियानात श्रीवपोर्टचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना भाड्यानं घेतला, ६५,००० हून जास्त लोकांनी नोंदणी केली, तरी भांडवल पुरलं नाही आणि विक्रीची गाडी बाहेर पडलीच नाही. कस्टम बाइकला जिग (फ्रेम धरून ठेवायचा सांगाडा), वेल्डर आणि एक गिऱ्हाईक पुरतं. म्हणून ती बनते, आणि म्हणूनच महाग पडते.

भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आडवा येतो: कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. पुण्यात किंवा कोल्हापुरात बुलेटवर काम करून घेणार असाल तर फ्रेमच्या नेकला ग्राइंडर लावू देऊ नका. रंग बदललात तर आरसीत नोंद करून घ्या.