हिरोइनले कामच नाही

पुणे ते नागपूर हा प्रवास झोपेत गेला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नागपूरहून टेम्पो ट्रॅव्हलर. सात नट, एक पेटी, एक तबला, घडीचं नेपथ्य आणि मी. नाटकातली गाणी माझी आहेत, म्हणून मला खिडकीची जागा मिळाली आणि त्या खिडकीची काच वर जात नव्हती. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. जानेवारीतला वारा चार तास एकाच कानात.

आमच्यातला एक नट मूळचा ब्रह्मपुरीकडचा. त्याच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होता. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धान-जंगलाच्या भागात, दिवसा पट आणि रात्री नाटक हे ठरलेलं. वडसा हे या नाटकांचं मुख्य केंद्र; तिथल्या नाटक मंडळींच्या तारखा दिवाळीपासून होळीपर्यंत अशा भरलेल्या असतात की मुंबई-पुण्याचे नटही हंगामापुरते इकडे मुक्कामाला येतात. 2023 साली परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते. मीही. झाडीपट्टीचं एकही नाटक तोवर मी पाहिलेलं नव्हतं.

आमचं नाटक म्हणजे गाण्यांतून सांगितलेला समलिंगी माणसांचा इतिहास. नाव देत नाही, जाहिरात वाटेल. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, 1860 च्या दंडविधानातल्या कलम 377 पासून सुरू होतं. मधे 1969 सालचं न्यूयॉर्क, स्टोनवॉल बारवरची धाड आणि त्यानंतरची दंगल, मग कोलकाता, मग आपली कोर्टं. त्यातून वाहत जाणारी दोन मित्रांची गोष्ट. पुण्यात बरं चाललं. एका समीक्षकानं संगीताचं कौतुक करून, बाकी सगळं तारखांचं पाठांतर आहे असं लिहिलं. दुसऱ्यानं नाटक खेड्यापाड्यांत जायला हवं असं लिहिलं. हे दुसरं वाक्य आम्ही पोस्टरवर टाकलं. लिहिणारा स्वतः किती खेड्यांत गेलाय हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्ही तरी कुठे गेलो होतो.

गावात पोचलो तेव्हा धानाच्या बांध्यांत कापणीनंतरची लाखोळी उभी होती, बारीक निळ्या फुलांची. मी फोटो काढत बसलो आणि तेवढ्यात चहा निवाला. नटाची आई, आम्ही सगळे तिला काकूच म्हणत होतो, एवढ्या माणसांचा स्वयंपाक करून वर आम्हालाच विचारत होती, भात पुरला का. घरात आधीच पंधरा-वीस पाहुणे. पटाच्या दिवसांत लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, आणि उपवर पोरापोरींच्या गोष्टी याच गर्दीत निघतात. हे मला ठाऊक नव्हतं. जेवताना काकूंनी विचारलं, "तुमचं झालं नाही का जी लग्न?" मी म्हटलं, नाही. "पाहू का मंग? माह्या भावाची पोरगी बी.एस्सी. आहे."

इथे मला खरं सांगायला हवं होतं. दोन तासांनी गावासमोर जे गाऊन सांगायचं होतं, तेच. मी म्हटलं, "आता नाही काकू, कामाची धावपळ आहे." समोर बसलेल्या आमच्या नटानं वरणात तोंड खुपसलं. त्यानं घरी नाटकाचा विषय "कोर्टाचा" असा सांगितला होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे आम्ही दोघंही सारखेच.

आमचा प्रयोग नवाला ठेवला होता. दोन तास आम्ही, मग खरं नाटक. मंडळाच्या अध्यक्षांनी "खरं नाटक" हा शब्द इतक्या सहज वापरला की राग यायलाही वेळ मिळाला नाही. शामियान्यात जमीन उतरती खणलेली, तीच माती रंगमंचाला लावलेली. खाली तणस, त्यावर चवाळी, त्यावर ब्लँकेटं गुंडाळलेली माणसं. कडेला खुर्च्या. हजारावर तरी असतील. पुण्यात दीडशे आले की आम्ही सेल्फी काढतो.

पहिली दहा मिनिटं शांत. मग कोलकात्याचा प्रवेश आला. 2 जुलै 1999 ला कोलकात्यात पंधरा जण रस्त्यावर चालले, आपल्याकडची ती पहिली पदयात्रा. पुण्यात या गाण्याला नाट्यगृह चिडीचूप होतं. इथे निवेदकानं "पंधरा" म्हटलं आणि मागून आवाज आला, "पंधरा लोकायचा मोर्चा?" अख्खा शामियाना हसला. मी विंगेत होतो. अंगात शिरशिरी आली, थंडीची नाही. पुढे दोन मित्र हात धरून गातात तिथे शिट्ट्या वाजल्या, एकानं घाण शब्द वापरला, आणि खुर्च्यांतले काही जण कुटुंबासकट उठून गेले. ते बाहेर चहाच्या टपरीवर "खऱ्या नाटकाची" वाट बघत थांबले होते, हे नंतर समजलं. "खेड्यातला प्रेक्षक किती निर्मळ" वगैरे लिहायला मी येतानाच वाक्यं जुळवून ठेवली होती. ती मी विंगेतच टाकून दिली.

मग कोर्टं आली. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयानं दिलासा दिला तेव्हा पेटी वरच्या पट्टीत जाते, आणि 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला की तबला एकदम थांबतो. तबला थांबला. त्या शांततेत पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आमचा पट बी असाच बंद केल्ता कोर्टानं!"

या वेळचं हसणं वेगळं होतं. माणसं आपसांत बोलायला लागली. 2014 च्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर 2021 मधे परवानगी मिळाली, मधली सात वर्षं गावं मोकळी गेली. बैल पळवणं आणि माणसानं माणसावर प्रेम करणं एका तराजूत टाकलेलं मला मुळीच आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण हे संबंध गुन्हा नाहीत असा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल निवेदकानं वाचला तेव्हा त्याच म्हाताऱ्यानं पहिली टाळी वाजवली आणि मागोमाग बऱ्याच वाजल्या. शेवट 17 ऑक्टोबर 2023 चा, लग्नाचा हक्क नाकारल्याचा. तिथे कुणी काही बोललं नाही.

प्रयोग संपल्यावर एक निवृत्त मास्तर भेटायला आले. जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात ते नाटकांवर लिहितात, म्हणजे इकडचे समीक्षक तेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नांदी नाही, गाण्यात ताना नाहीत, पेटी नटाच्या मागे धावते. विषयाबद्दल? "विषयाचं का घेऊन बसले. आमच्या दंडारीच्या खेळात पोरं बाई होऊन नाचतात तं लोक नोटा लावतात." थोडं थांबून म्हणाले, "घरी तसंच चालला तं लोक का लावतात, ते तुमी नाही दाखवलं." आणि पुढचं नाटक सुरू होतंय म्हणून जागा धरायला निघून गेले.

खरं नाटक पहाटे पाचपर्यंत चाललं. सासू, सून, दारूबाज नवरा, खून, आणि दर वीस मिनिटांनी विनोदी नट. मी तणसावर बसून पाहिलं. पहाटेपर्यंत का चालतं असं विचारलं तर शेजारचा म्हणाला, "रातच्याले जंगलातून घरी जाता का? वाघ आहे." तीनच्या सुमाराला मला डुलकी लागली आणि कुणीतरी अर्धं ब्लँकेट माझ्यावर टाकलं. त्याला विड्यांचा वास होता. इतका ऊबदार वास मी आयुष्यात घेतलेला नाही.

सकाळी काकूंच्या अंगणात चूल पेटलेली आणि चार-पाच बाया भोवती बसलेल्या. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, भाकरी बघत होत्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे मला कळत होतं, आणि बी.एस्सी.चा विषय पुन्हा निघणार नाही हेही. त्यांच्या नणंदेनं विचारलं, "ते पोरगं गावी जाऊन लग्न करते ना जी नाटकात, त्याच्या बायकोचं का झालं?"

आमच्या नाटकात दोन मित्रांतला एक 1987 साली घरच्यांच्या दबावाखाली लग्न करतो. दोन कडव्यांत लग्न, एका ओळीत दोन मुलं. पुढे 2018 च्या निकालाच्या रात्री तो म्हातारा होऊन जुन्या मित्राला फोन करतो. ते माझं सगळ्यात आवडतं गाणं. पुण्यात तिथे रुमाल निघतात.

मी म्हटलं, "बायकोचं... ती असते."

"कोठी असते? फोन करत होता तवा घरीच होती का ते?"

"असेल."

"आयकत होती का?"

मला उत्तर आलं नाही. दुसरी म्हणाली, तिले माहीतच असन, एवढी वर्षं एका घरात राहून. तिसरी म्हणाली, माहीत असून का करणार, तिले तं कोर्टानं बी नाही विचारलं. मग त्या आपसांतच बोलायला लागल्या, नावं न घेता, कुठल्यातरी गावच्या कुणाबद्दल तरी, आणि मी जवळ आहे हे लक्षात येताच थांबल्या. काकूंनी माझ्या ताटात लाखोळीचा वडा टाकला. एक टाकल्यावर आणखी दोन. बोलल्या काहीच नाहीत.

निघताना अध्यक्षांनी पाकीट दिलं. ठरल्यापेक्षा पाचशे कमी होते. ते लाइटवाल्याचे, असं सांगितलं. माझा मूड आधीच गेला होता. म्हटलं, नाटक कसं वाटलं तेवढं तरी सांगा. "चांगलं आहे. पण पुढच्या साली आनाल तं थोडी कॉमेडी टाका. आन् हिरोइनले कामच नाही जी. आमचे लोक हिरोइनसाठी येतात."

ती हिरोइन, म्हणजे बायकोचं काम करणारी आमची नटी, गाडीत माझ्या मागच्या सीटवर होती. तिच्या वाट्याला पूर्ण नाटकात एकच वाक्य आहे, "जेवायला वाढू का?" भिवापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरच्या बघून गाडी थांबवली, सगळे उतरले, ती उतरली नाही. मी परत येऊन बसलो आणि त्या बाया काय म्हणाल्या ते तिला सांगितलं.

"मी पहिल्या वाचनालाच विचारलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास, लांबी वाढेल."