पंप गेला नव्हता: कोल्हापुरातील एका एस्प्रेसो यंत्राची दुरुस्ती

घरगुती एस्प्रेसो यंत्र विकत घेणे आता कोल्हापुरात बसूनही अवघड राहिलेले नाही, आणि चिकमगळूर किंवा कोडगूची ताजी भाजलेली कॉफीही कुरिअरने दारात येते. अडचण सुरू होते ती यंत्र बिघडल्यावर. मिक्सर, गिझर, पाण्याची मोटर यांच्यासाठी प्रत्येक पेठेत कोणी ना कोणी आहे, पण एस्प्रेसो यंत्राचे नाव काढले की दुकानदार आधी ते हॉटेलातले का असे विचारतो आणि घरातले आहे म्हटल्यावर पुण्या-मुंबईकडे बोट दाखवतो. माझ्या यंत्राच्या दुरुस्तीनंतर मात्र माझे मत असे झाले आहे की, ज्या गावात लहान-मोठ्या वर्कशॉपांचे उद्यमनगर आहे त्या गावाला या यंत्रासाठी बाहेर पाहण्याचे फारसे कारण नाही; फक्त बिघाड नेमका कुठे आहे हे आधी ठरवले पाहिजे आणि दोन-तीन बाबतींत अजिबात तडजोड करता कामा नये.

यंत्र इटालियन बनावटीचे, एकाच बॉयलरचे आणि साध्या बटणांचे आहे. एरवी त्यात १८ ग्रॅम कॉफी घातली की २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो कपात उतरत असे. हळूहळू तीच कॉफी, तेच दळण आणि तेच वजन असूनही धारेऐवजी थेंब पडू लागले. कॉफी काढून झाल्यावर पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा दांड्याचा फिल्टर, उघडावा तर आतला चोथा कोरडा, घट्ट वडीसारखा न निघता चिखल होऊन निघे, आणि कधी कधी उघडतानाच गरम पाणी फुसकन बाहेर उडे. त्यातच पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी गळायला लागले. पूर्वी ज्याचा दांडा बरोबर मध्यावर येऊन घट्ट बसायचा, तो आता उजवीकडे पार सरकला तरी गळती थांबत नव्हती.

सेवा केंद्राला फोन केला तेव्हा सगळी लक्षणे पुरती ऐकूनही न घेता पलीकडून निदान आले की पंप गेला असणार, यंत्र पाठवून द्या. आठ-नऊ किलोचे ते धूड, मूळ खोक्याशिवाय, ट्रान्स्पोर्टच्या हवाली करायचे आणि पंपाबरोबर आणखी काय काय बदलले जाईल याचा अंदाज न घेता बिलाची वाट पाहायची, हे मला पटले नाही. कंपनीचा माणूस यंत्र न पाहता पार्टचे नाव सांगतो तेव्हा तो दुरुस्ती करत नसतो, पार्ट बदलत असतो. वॉरंटी असती तर कदाचित मीही मुकाट्याने पाठवले असते.

शिवाजी उद्यमनगरात ज्या मेस्त्रींकडे मी यंत्र नेले, ते मुख्यतः फवारणीचे आणि गाड्या धुण्याचे उच्च दाबाचे पंप दुरुस्त करतात. शिवाय इचलकरंजीच्या एअरजेट मागांवरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्यांच्या हातांखालून वर्षानुवर्षे गेले आहेत. हे माहीत असल्यामुळेच मी त्यांच्याकडे गेलो होतो. एअरजेट मागावर धागा हवेच्या झोताने फेकला जातो आणि तो झोत सोडण्या-तोडण्याचे काम असे छोटे विजेचे व्हॉल्व्ह करतात. एस्प्रेसो यंत्र त्यांनी कधी उघडलेले नव्हते, पण कोणत्या नळीतून पाणी कुठे जाते एवढे सांगितल्यावर त्यांना बाकी काही विचारावे लागले नाही.

तसे पाहिले तर आत फारसे काही नसतेच. १९६१ साली फाएमा या इटालियन कंपनीच्या ई-६१ यंत्राने हाताच्या दांड्याने चालणाऱ्या दट्ट्याच्या जागी विजेचा पंप आणला, आणि तेव्हापासून पंपाने पाणी दाबावे, बॉयलरमधून गरम पाणी पुढे जावे आणि कॉफीवर सुमारे ९ बार दाब पडावा, ही रचना मुळात तीच आहे. घरगुती यंत्रात मोठ्या मोटरऐवजी एक छोटा कंपन पंप असतो. विद्युतचुंबकाच्या ओढीने त्यातला दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो, म्हणून तो तसा गुरगुरतो. पंपाने गरजेपेक्षा जास्त दाब केला तर एक सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी बारीक नळीने पुन्हा टाकीत सोडतो. बॉयलरच्या पुढे तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. पंप चालू असताना तो बॉयलरचे पाणी कॉफीकडे सोडतो आणि पंप बंद होताच तो मार्ग मिटवून कॉफीवर अडकलेला दाब खालच्या ट्रेमध्ये मोकळा करतो. माझा चोथा चिखल का होत होता याचे उत्तर याच व्हॉल्व्हमध्ये होते.

मेस्त्रींनी झाकण काढले, पण पाना कुठेच लावला नाही. टाकीत पाणी भरून त्यांनी पोर्टाफिल्टर न लावताच पंप चालू केला. ग्रुपमधून, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकतो तिथून, पाणी जेमतेम ठिबकत होते. मग वाफेच्या नळीचा नॉब उघडून तीच चाचणी घेतली, तर तिथून भरपूर धार आली. नॉब बंद करताच टाकीत जाणाऱ्या परतीच्या बारीक नळीतून पाणी जोरात पडू लागले. ते म्हणाले, "पंप काय गेलेला न्हाई साहेब, पंप दाब करतोय म्हणून तर पाणी माघारी येतंय. म्होरं कुठंतरी अडालंय." बॉयलर भरला जातो आहे, दाब तयार होतो आहे आणि फक्त ग्रुपकडे जाणारा मार्ग अडलेला आहे, एवढे या तीन निरीक्षणांत सिद्ध झाले, आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागला नाही. ज्यांच्या यंत्राला परतीची नळी आहे त्यांनी ही चाचणी अवश्य करावी. टाकी रिकामी होऊन पंपात हवा शिरली तरीही पंप मोकळाच गुरगुरतो आणि पाणी येत नाही. तेव्हा वाफेचा नॉब उघडून पंप थोडा चालवला की हवा निघून जाते. अशा वेळीही पुष्कळ जण पंप गेला असे समजून बसतात.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी प्लग काढला आणि बॉयलर थंड होऊ दिला. वरची नट सैल करून कॉइल उपसली, मल्टिमीटर लावून ती धड असल्याची खात्री केली, मग पितळी नळकांडे सोडवले. आतला पोलादी प्लंजर स्प्रिंगसह मेस्त्रींच्या तळहातावर आला, आणि त्याच्यामागून पांढऱ्या क्षाराची तिळाएवढी कपची. ज्या छिद्रातून सगळे पाणी जायचे त्याच्या तोंडावरच ती बसलेली होती आणि भोवती आणखी थर जमलेला होता. मी टाचणीने छिद्र मोकळे करावे असे सुचवले, तर त्यांनी हात आडवा केला: पितळी बैठकीवर एक ओरखडा पडला तरी व्हॉल्व्ह पुन्हा कधी नीट मिटणार नाही. त्यांनी सगळे भाग सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात टाकून ठेवले, बुडबुडे थांबल्यावर कंप्रेसरने हवा मारली आणि उजेडाकडे धरून छिद्र आरपार दिसते का ते पाहिले. बॉयलर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या ओ-रिंगा, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कड्या, मात्र चपट्या झाल्या होत्या. त्या बदलणे भाग होते.

गळतीचे कारण वेगळे आणि सोपे होते. ग्रुपमधले रबरी गॅस्केट उष्णतेने इतके कडक झाले होते की त्यावर नख उमटत नव्हते. ते बोटांनी निघत नाही. त्यात एक छोटा स्क्रू पिळून बसवायचा आणि पकडीने स्क्रूसकट ओढायचे. तरी ते तुकड्या-तुकड्यांनीच निघाले, आणि खाचेत जळक्या कॉफीचा काळा थर इतका साचला होता की तो पूर्ण खरवडल्याशिवाय नवे गॅस्केट बसलेच नसते. व्हर्नियरने मोजले तेव्हा बाहेरचा व्यास ७३, आतला ५७ आणि जाडी ८.५ मिलिमीटर भरली. हे माप प्रचलित आहे, त्यामुळे ऑनलाइन सहज मिळते.

इथे मेस्त्रींचे आणि माझे एकमत झाले नाही. त्यांच्याकडे इंजिनाच्या कामाचे काळे रबर होते, आणि त्यातून ते त्याच संध्याकाळी अचूक मापाचे गॅस्केट कापून देणार होते. दाबापुरते ते टिकलेही असते, यात मला शंका नाही. परंतु ९० अंशांहून अधिक गरम पाणी ज्या रबराला घासून कपात उतरते, ते खाद्यपदार्थांसाठी बनवलेलेच असले पाहिजे. मी सिलिकॉनचे गॅस्केट मागवले. ओ-रिंगांसाठी मात्र थांबावे लागले नाही. हा जिल्हा दुधाचा असल्यामुळे डेअरीच्या यंत्रसामग्रीचे सुटे भाग विकणारी दुकाने इथे आहेत, आणि त्यांच्याकडे फूड ग्रेड रिंगा मापाने मिळतात. हा मार्ग मेस्त्रींनीच सुचवला, हेही नोंदवले पाहिजे.

क्षार आला कुठून, हा प्रश्न उरतो. धरण-नदीचे नळाचे पाणी तुलनेने हलके असते. आमच्या सोसायटीत मात्र उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले की टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाते, आणि गिझरच्या कॉइलवर जे पांढरे कवच चढते तेच बॉयलरमध्येही चढते. ते विरघळवण्यासाठी लिटरभर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर द्रावण फार वेळ ठेवू नये, कारण आम्ल धातूलाही खाते. जुना जाड थर मात्र पूर्ण न विरघळता कपच्या होऊन सुटतो आणि त्या नेमक्या सोलेनॉइडमध्ये अडकतात. म्हणून द्रावण आणि नंतरचे साधे पाणी आधी वाफेच्या नळीतून बाहेर काढावे, ग्रुपमधून शेवटी. निव्वळ आरओचे पाणी हा त्यावरचा उपाय मला योग्य वाटत नाही. फार शुद्ध पाण्यात कॉफी बेचव लागते आणि धातूही झिजतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या क्षारांचे लक्ष्य लिटरला १५० मिलिग्रॅम आणि मर्यादा ७५ ते २५० अशी दिलेली आहे. मी आरओचे आणि नळाचे पाणी मिसळून साधारण त्या आकड्याजवळ ठेवतो.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. बॉयलर प्रमाणाबाहेर तापला की वीज तोडणारा थर्मल फ्यूज उडाला तर तो बदलायचा असतो. वायर जोडून त्याला वगळून यंत्र चालू करून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. बंद बॉयलर, २३० व्होल्ट आणि पाणी एकत्र असलेल्या यंत्रात तो फ्यूज हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याचप्रमाणे दुरुस्तीनंतर अर्थिंगची तार पुन्हा बॉयलरला जोडली आहे ना, हे झाकण लावण्याआधी आपण स्वतः पाहावे.

जोडणी झाल्यावर यंत्राने पूर्वीची गती लगेच पकडली. चोथा कोरडा निघतो, आणि पंप बंद करताच ट्रेमध्ये फस्सकन दाब सुटल्याचा आवाज येतो, जो कित्येक महिन्यांत ऐकू आला नव्हता. नवे गॅस्केट अजून दबलेले नसल्यामुळे दांडा सुरुवातीला मध्यापर्यंतही येत नव्हता; वापराने तो आता जागेवर आला आहे. ओ-रिंगांचा एक जादा संच आणि एक गॅस्केट मी घरात ठेवले आहे. पंप मात्र मागवून ठेवलेला नाही. तो खरोखर जाईल तेव्हा वाफेच्या नळीची धारही पडेल आणि परतीच्या नळीतून टाकीत पाणी यायचे बंद होईल, आणि तेवढ्यावरून त्याची ऑर्डर देता येईल.