रंजनाचं नवीन

दुपारी अडीचला फोन एकसारखा घुं घुं करायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. भिशीच्या ग्रुपवर बेचाळीस मेसेज. आमच्या वयात एवढे मेसेज एकदम आले की पहिला विचार एकच, कोण गेलं? चष्मा शोधून उघडलं तर कुणी गेलेलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या लाडक्या बाईंचा नवा विनोदी सिनेमा येणार होता, त्याचा टीझर आला होता. सिनेमा लागायला अजून दोन महिने. आणि बेचाळिसातले तीस मेसेज त्या दिवशी साडी कुठल्या रंगाची नेसायची याचे. जांभळी की पोपटी? सिनेमात काय आहे ते कुणी विचारत नव्हतं.

घरात सगळे आडवे झालेले, म्हणून आवाज बंद करून टीझर बघितला. बाई स्कूटरवर आहेत. मागे एक माणूस हातात शेळी धरून बसलाय. मग बाई कुठल्याशा लग्नात जिलेबीचं ताट घेऊन पळतायत. संपलं. मला हसू आलं, आणि हसल्यावर लक्षात आलं की हसण्यासारखं तसं काही झालेलं नाही. बाईंच्या नावावर मी दोन महिने आधीच हसून घेतलं होतं.

बाईंचं नाव सांगत नाही. दृष्ट लागते. ही खोड माझी नाही, आत्तीची आहे.

आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. कराडहून एसटीनं पाऊण तासावर तिचं सासर. मे महिन्याच्या सुट्टीत मला तिच्याकडे पाठवलं की घरच्यांना महिनाभर माझी आठवण यायची नाही. आत्तीच्या माजघरात एक पत्र्याची ट्रंक होती, डांबरगोळ्यांच्या वासाची. तिच्या झाकणाला आतून वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवलेला होता, भाताच्या शितांनी. शितं वाळून कागदावर बारीक बारीक उंचवटे आले होते, त्यातला एक नेमका गालावर. ट्रंक उघडली की रंजना हसायची.

रंजना म्हणजे रंजना देशमुख. पण आडनाव कोण घ्यायचं? पोस्टरवर नुसतं 'रंजना' असायचं आणि तेवढं पुरायचं. "वत्सला देशमुखची ल्येक ती. आन् संध्याची भाची," हे आत्ती असं सांगायची, की संध्याबाई आमच्या भावकीतल्या असाव्यात.

आत्तीच्या लेखी पिच्चर दोन जातींचे होते, रडायचे आणि हसायचे. रडायच्यांवर तिचा राग. 1981 सालचा 'अरे संसार संसार' बघून ती पदर पिळून परत आली होती म्हणे, आणि आल्या आल्या म्हणाली होती, "रडायला तिकीट कशाला काढायचं? त्ये घरात फुकट हाय." हसायच्या पिच्चरची मात्र ती वाट बघायची. तीही नुसती बसून नाही. वाट बघणं हे तिचं आठवड्याचं कामच असायचं, बाजारासारखं.

बाजारच्या दिवशी तालुक्याला गेलो की एसटी स्टँडवरून ती आधी टॉकीजकडे वळायची. भाजी मागून. टॉकीजच्या भिंतीवर चालू पिच्चरचं मोठं पोस्टर, आणि शेजारी लहानशा जागेत पुढचं. त्यावर आडवी कागदाची पट्टी, 'पुढील आकर्षण'. टॉकीजचा माणूस खळीची बादली आणि कुंचा घेऊन शिडीवर चढलेला असला, तर आत्ती पिशवी पायाशी ठेवून उभीच राहायची. तो पोस्टरची एकेक घडी उलगडून भिंतीला लावत जायचा. आधी कुणाचे तरी पाय, मग लुगड्याचा काठ. काठ दिसला की आत्ती म्हणायची, "तीच हाय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आणि बाहेर जाळीच्या कपाटात फोटो. आठ-दहा तरी असायचे, टाचण्यांनी लावलेले. आत्ती जाळीला नाक लावून एकेक फोटो वाचायची. वाचायची असंच म्हणते, कारण घरी येईपर्यंत त्या फोटोंची तिच्या डोक्यात गोष्ट झालेली असायची. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना ती गोष्ट बायकांना सांगायची. सगळी. सुरुवात, भांडण, मध्यंतर, शेवट. अशोक सराफ इथं कसा पडतो, रंजना त्याला काय बोलते, निळू फुले कुठून बघतात. अजून न आलेला पिच्चर आमच्या ओढ्यावर आठवडाआधी लागायचा आणि हाऊसफुल जायचा. सासवा धोपटणं हातात धरून थांबायच्या.

त्या वर्षीच्या पुढील आकर्षणाचं नाव होतं 'बिनकामाचा नवरा'.

पिच्चर 1984 चा. आमच्या तालुक्याला आला पुढच्या वर्षीच्या सुट्टीत. आणि अडचण अशी होती की आत्तीचे मालक, म्हणजे माझे मामा, घरात होते.

आधी मामा घरात नसायचे. गणपतीला आणि जत्रेला यायचे, बाकी वर्षभर महिन्याला मनीऑर्डर. लालबागला आठ-दहा जणांत एक खोली, खाणावळीत जेवण आणि गिरणीत साचेखातं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. दोनचार महिन्यांत मिटतंय म्हणून मामा एक पिशवी घेऊन गावी आले. वळकटी खोलीवरच ठेवून आले, परत जायचंच आहे म्हणून. कुठल्याही एसटीनं मुंबईहून कुणी उतरलं की मामा चप्पल घालून स्टँडवर. परत येऊन सोप्यात बसायचे आणि सांगायचे, "पुढच्या महिन्यात मिटतंय." तीन पावसाळे गेले तरी पुढचा महिना पुढेच होता.

तर अशा घरात त्या पिच्चरचं नाव काढायचं कसं? नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी बघितल्या होत्या, पिच्चरचं नाव न घेणारी पहिलीच. आत्ती म्हणायची, "रंजनाचं नवीन." ओढ्यावरच्या बायकाही म्हणायच्या, "रंजनाचं नवीन कवा लागतंय गं?" सगळ्यांनी मिळून जपलेलं ते नाव होतं. मी नऊ वर्षांची, त्यात पोस्टर वाचता येतं याचा अभिमान. एका संध्याकाळी आत्ती चुलीपुढे, मामा सोप्यात पाटीची दोरी वळत बसलेले, आणि मी उंबऱ्यातून खणखणीत आवाजात विचारलं, "आत्ती, बिनकामाचा नवरा कधी येणार?"

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग सोप्यातून मामांचा आवाज आला. "आलाय की. तीन वर्सं झाली."

आत्तीनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला पाठीवरून कळेना, आणि पुढं जाऊन बघायचा धीर होईना. तेवढ्यात मामाच आत आले, करपलेली भाकरी उचलली, फुंकर मारून खाल्ली आणि म्हणाले, "लागला की जाऊ. तिघंबी."

त्यानंतरचे आठ दिवस! आत्तीनं ओढ्यावर ती गोष्ट रोज नव्यानं सांगितली. आता नाव घ्यायची मुभा मिळाली होती ना. तिच्या गोष्टीत नवरा बिनकामाचा असतो, पण आळशी नसतो. त्याला कुणी काम देत नाही. रंजना त्याला कोंबड्या विकायला बाजारात पाठवते, तर तो कोंबड्यांना नावं ठेवून त्यांच्याशी बोलत बसतो आणि सगळ्या परत घेऊन येतो. रंजना कंबरेवर हात ठेवून बोलायला लागते. इथं आत्ती स्वतः उभी राहायची, ओल्या लुगड्यानिशी, आणि रंजनाच्या आवाजात असं काही सुनवायची की पलीकडच्या काठावरच्या म्हशीसुद्धा मान वर करायच्या. शेवटाला नवऱ्याला काम लागतं. कसं ते रोज बदलायचं. एकदा पोस्टात, एकदा साखर कारखान्यात, एकदा तर फौजदारच झाला. बायका म्हणाल्या, ह्ये जरा ज्यास्ती हुतंय. मग आत्तीनं त्याला परत पोस्टात आणला.

सहाचा खेळ. आम्ही चारलाच पोचलो. टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी, मधे लाकडी कठडा. मामा पलीकडे पुरुषांत. दिवे गेले, पडद्यावर नावं सुरू झाली, रंजनाचं नाव आल्यावर कुणीतरी शिट्टी मारली, आत्तीनं माझा हात दाबला. आणि मी झोपले.

चारपासूनचं ऊन, एसटीचे धक्के, वर पाव शेर शेंगा. काही इलाज नव्हता. मधे मधे जाग यायची ती हशानं. सगळी टॉकीज खदखदत होती. एकदा डोळे उघडले तेव्हा आत्ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून कठड्यापलीकडच्या अंधारात बघत होती. एवढ्या हसण्यातून एक हसणं वेगळं काढायचा प्रयत्न चालला होता.

मुक्कामी एसटीनं परत निघालो. गाडीत आत्ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माज्यापरीस येगळंच काढलंय त्यांनी."

मामा म्हणाले, "तुजं बरं हाय."

म्हणजे मामांनी ओढ्यावरचा खेळ कुठून तरी ऐकला होता. ते कधी, हे आत्तीनं विचारलं नाही.

मी तो पिच्चर अजून पाहिलेला नाही. आता काय, फोनवर नाव टाकलं की दोन मिनिटांत सुरू होईल. एकदा टाकलंही होतं. चित्र फिरायला लागलं आणि मी बंद केलं. मला आत्तीचा पाठ आहे. त्यात शेवटी पोस्टात काम लागतं.

दोनच वर्षांनी, 1987 मध्ये, रंजना 'झंजार'च्या शूटिंगसाठी बंगळूरला निघाली होती आणि वाटेत गाडीला अपघात झाला. जीव वाचला, पाय गेले. तिशी नुकती ओलांडली होती. गावात बातमी दोन दिवस उशिरा, शिळ्या पेपरातून आली. आत्ती अडाणी नव्हती, चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं बातमी वाचली, घडी घातली आणि ट्रंकेत टाकली. पुढच्या बाजाराला ती आधी भाजीकडे गेली. टॉकीजच्या भिंतीवर पट्टी होती, पोस्टरही होतं, दुसऱ्या कुणाचं तरी. मीच म्हटलं, बघूया का फोटो? म्हणाली, "मेथी संपल."

मधे काही वर्षांनी रंजना व्हीलचेअरवर बसून नाटकात काम करते असं कुणी सांगितलं. 'फक्त एकदाच' हे त्या नाटकाचं नाव. नाटक आमच्या बाजूला आलं असतं तर आत्ती गेली असती का? मला वाटतं, नसती गेली. 3 मार्च 2000 ला रंजना वारली. तोपर्यंत मामांच्या संपाला अठरा वर्षं झाली होती. तो कुणी मागे घेतला असं मामांनी कधी ऐकलं नाही. वळकटीचं काय झालं तेही माहीत नाही.

हे सगळं मला जांभळी की पोपटीमध्ये अडकलेलं असताना आठवत होतं. ग्रुपवर आता मतदान सुरू झालं होतं. एकीनं गॉगल सुचवला होता. मी आत्तीला फोन लावला. ती सत्तरीपुढे गेलीय, मामा जाऊन सहा वर्षं झाली, गुडघे तिला जुमानत नाहीत, पण फोन पहिल्या रिंगला उचलते.

"आत्ती, नवीन पिच्चर येतोय. हसायचा." आणि बाईंचं नाव सांगितलं. तिच्यापाशी दृष्टीची भीती नाही.

"कवा?"

"दोन महिन्यांनी."

"मग आत्ताच कशापायी सांगतीस? तिकीट काढलंस की सांग. तवर म्या हाय का न्हाई..."

एवढ्यावर फोन ठेवायचा तिचा रिवाज आहे. पण ठेवला नाही. पलीकडे दळणाचा डबा सरकवल्यासारखा आवाज झाला.

"फोटू बघितलंस का?"

"बघितले."

"काय काय हाय?"

मी सांगितलं. स्कूटर. मागे एक माणूस, त्याच्या हातात शेळी. लग्न, आणि बाई जिलेबीचं ताट घेऊन पळतायत.

"शेळी कंची? पांढरी का काळी?"

पुन्हा बघून सांगितलं, काळी.

आत्ती जरा थांबली. घसा साफ केला. "हां. म्हंजे आसं बघ," ती म्हणाली, आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावून भिंतीला टेकून बसले.