कमरेला बंदूक असणे हा गुन्ह्याचा संशय नव्हे

२०१० सालच्या जून महिन्यात ओहायो राज्यातील टोलेडो शहरात एक गृहस्थ पत्नी, मुलगी, नातू आणि कुत्रा यांच्यासह आपल्याच वस्तीत संध्याकाळी फिरायला निघाले होते. त्यांच्या कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल होते आणि ते कोणालाही दिसेल असेच होते. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला ते खटकले. त्याने थांबून हुज्जत घातली आणि मग ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. थोड्याच वेळात आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने त्या गृहस्थांचे पिस्तूल काढून घेतले, त्यांना बेड्या घातल्या, गाडीत बसवून ठेवले आणि सुमारे अर्ध्या तासाने स्वतःविषयीची माहिती दिली नाही असा ठपका ठेवून सोडले. तो आरोपही पुढे टिकला नाही.

ओहायोत उघडपणे बंदूक बाळगणे, म्हणजे ओपन कॅरी, तेव्हाही कायदेशीर होते आणि त्यासाठी परवानाही लागत नव्हता. त्या गृहस्थांनी शहराच्या पोलिसांवर दावा लावला आणि २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे ओहायो ज्यात येते त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती जेफ्री सटन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, ज्या राज्याच्या विधिमंडळाने उघड शस्त्र बाळगण्यास मुभा दिली आहे, तेथे शस्त्र दिसले एवढ्याच कारणावरून पोलिसाला कोणाला अडवता येणार नाही. तसे करू दिले तर कायद्याने शस्त्र बाळगणाऱ्या माणसाला चौथ्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे अवाजवी झडती व अटकेविरुद्धचे, संरक्षणच उरणार नाही. ज्यांना बंदुका रस्त्यावर नको आहेत त्यांनी विधिमंडळाकडे जावे. पोलिसाने बेड्यांच्या जोरावर कायदा बदलू नये.

हा निकाल मला मनापासून पटतो, आणि मी बंदूकप्रेमी नाही हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मी याच राज्यात राहतो, माझ्याकडे शस्त्र नाही आणि घेण्याचा विचारही नाही. आई भारतातून आली होती तेव्हा किराणा दुकानात दुधाच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या कमरेचे पिस्तूल पाहून तिने हळूच विचारले होते, ‘साध्या कपड्यातला पोलीस आहे का रे तो?’ तिचा प्रश्न रास्तच होता, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात सरकारने दिलेल्या परवान्याशिवाय शस्त्र ही कल्पनाच बसत नाही. निवडणूक लागली की परवानाधारकालाही आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, हे आपण पाहिलेले असते. अमेरिकेत मांडणी उलटी आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क ठरवला, २००८ च्या हेलर खटल्यात तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो घराच्या उंबऱ्याबाहेरही लागू केला. ही मांडणी आवडो वा न आवडो, एकदा ती कायद्यात आल्यावर पोलिसांनी ती पाळली पाहिजे, आणि सर्वांसाठी सारखीच पाळली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पोलिसांना कोणाला कधी अडवता येते, याचा पाया ओहायोतल्याच क्लीव्हलँड शहरातून आलेल्या १९६८ च्या टेरी खटल्याने घातला. गुन्हा घडतो आहे किंवा घडणार आहे असा वाजवी संशय असेल तर थोडा वेळ अडवता येते आणि समोरचा सशस्त्र व धोकादायक वाटला तर वरवरची झडती घेता येते. नुसता माणूस सशस्त्र असणे हा संशय होतो का, हा प्रश्न २००० साली फ्लोरिडातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मायामीतील बसथांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेल्या मुलाकडे बंदूक आहे, असा निनावी फोन पोलिसांना आला होता. झडतीत बंदूक सापडली आणि त्या मुलाकडे असलेली बंदूक बेकायदेशीरच होती. तरीही न्यायालयाने एकमताने ती झडती अवैध ठरवली आणि बंदुकीचा उल्लेख आला की नियम सैल होतो, हा सरकारचा युक्तिवाद न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी नाकारला. गाड्यांच्या बाबतीतही नियम असाच आहे. केवळ चालकाकडे परवाना आहे का हे पाहण्यासाठी वाटेल ती गाडी थांबवता येत नाही, हे १९७९ पासून ठरलेले आहे. वाहन चालवणाऱ्याला जो विश्वास मिळतो तो कायदेशीरपणे शस्त्र बाळगणाऱ्याला का मिळू नये?

पण कायद्याची ही भाषा रस्त्यावर पोहोचताना फार झिजते. चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २०१३ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की, उघड शस्त्र बाळगण्याची मुभा असलेल्या राज्यात शस्त्र दिसले म्हणून माणूस गुन्हेगार असल्याचे गृहीत धरता येणार नाही. चार वर्षांनी, वेस्ट व्हर्जिनियातील एका प्रकरणात, त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठरवले की सीटबेल्ट न लावल्याच्या कारणावरून एखाद्याला एकदा अडवले आणि त्याच्याकडे शस्त्र असल्याचा संशय आला, तर त्याच्याकडे परवाना असला तरी तो धोकादायकच मानून झडती घेता येईल. याचा व्यवहारातला अर्थ उघड आहे. गाडी अडवण्यासाठी क्षुल्लक कारण कधीही सापडते आणि ते कोणाच्या बाबतीत शोधले जाते, हे अमेरिकेत राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

फिलँडो कॅस्टिल या काळ्या माणसाला शोधून अडवले गेले, असे त्यांच्या नोंदी पाहिल्यावर मला वाटते. मिनेसोटातील सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघराचे ते पर्यवेक्षक होते आणि वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत वाहतुकीच्या किरकोळ कारणांवरून त्यांची गाडी पन्नासच्या आसपास वेळा अडवली गेली होती. ६ जुलै २०१६ च्या संध्याकाळी फाल्कन हाइट्स येथे ती पुन्हा अडवली गेली. सांगितलेले कारण होते मागचा दिवा बंद असल्याचे. वायरलेसवर मात्र अधिकारी हेरोनिमो यानेझ म्हणाला होता की, हा माणूस पसरट नाकामुळे दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो. गाडीत कॅस्टिल यांची मैत्रीण होती आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी बसली होती. कॅस्टिल यांनी विम्याचे कार्ड दिले आणि मग शांत आवाजात, ‘सर’ असे संबोधून, आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगितले. मिनेसोटाच्या कायद्यानुसार ते आपणहून सांगणे बंधनकारकही नव्हते. पोलिसाने विचारले तर सांगावे लागते. त्यांच्याकडे परवाना होता. ‘काढू नका’ असे अधिकारी म्हणाला, ‘मी काढत नाही’ असे ते म्हणाले, आणि काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतल्या पाच त्यांना लागल्या आणि त्यांचा मृत्यू झाला.

यानेझवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि जून २०१७ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. शस्त्रधारकांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने घटनेनंतर जे निवेदन काढले त्यात कॅस्टिल यांचे नावही नव्हते. ज्या संघटनेने आयुष्यभर ‘कायदा पाळणारा शस्त्रधारक’ याच माणसासाठी लढल्याचा दावा केला, तिच्यापुढे तोच माणूस उभा होता. त्या वेळचे मौन मला आजही अक्षम्य वाटते.

काळ्या माणसाच्या हातातील बंदुकीकडे पाहण्याची ही नजर जुनी आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे कायदेशीर होते. त्याच कायद्याचा आधार घेऊन ओकलंडमधील ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाचे कार्यकर्ते पोलिसांच्या गाड्यांवर लक्ष ठेवीत, अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क वाचून दाखवीत. आमदार डॉन मलफर्ड यांनी ते बंद करणारे विधेयक आणले, २ मे १९६७ रोजी पँथर्स बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले आणि त्याच उन्हाळ्यात राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्या विधेयकावर सही केली. नॅशनल रायफल असोसिएशनचा त्याला पाठिंबा होता.

आता पोलिसांची अडचण, कारण ती खोटी नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये एका बाईने ९११ वर फोन करून रायफल घेतलेला माणूस दिसत असल्याचे सांगितले. फोन घेणाऱ्याने तिला राज्यात उघड शस्त्र बाळगण्याची मुभा असल्याचे ऐकवले. त्या माणसाने पुढे तीन जणांचा जीव घेतला. २०१६ च्या जुलैमध्ये डॅलसमध्ये एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार केले तेव्हा मोर्चात रायफली खांद्याला लावलेले वीस-तीस जण होते, आणि त्यांच्यातून हल्लेखोर ओळखायचा कसा, असा प्रश्न पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी विचारला. त्या गोंधळात पोलिसांनी कायदेशीरपणे रायफल बाळगणाऱ्या एका निरपराध काळ्या माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून ट्विटरवर टाकले. त्याने आपणहून रायफल पोलिसांच्या हवाली केली, म्हणून तो वाचला असे मी मानतो.

तरीही कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या घटनेतून ‘बंदूक दिसली की झडप घाला’ हा धडा निघत नाही. त्या माणसाच्या हातात पेट्रोलचे डबेही होते. तो काय करतो आहे हे नीट ऐकले असते, तर संशयाला भरपूर जागा होती. ओहायोतल्याच बीव्हरक्रीक येथे ऑगस्ट २०१४ मध्ये याच्या उलट घडले. वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड हा २२ वर्षांचा तरुण फळीवरची छर्‍याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. तो लोकांवर बंदूक रोखतो आहे, असे ९११ वर सांगितले गेले. दुकानातील चित्रीकरणात तसे दिसत नाही. पोलिसांनी पाहताच काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. खरी रायफल असती तरी ती बाळगणे या राज्यात गुन्हा नव्हता. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्युरीने, कोणावरही आरोप ठेवला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडमध्ये पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या १२ वर्षांच्या टामिर राइसविषयी फोन करणाऱ्याने बंदूक बहुधा खोटी आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे असे सांगितले होते, पण हे दोन्ही शब्द गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

माझ्या मते सुधारणेची पहिली जागा हीच, फोन उचलणाऱ्याची खुर्ची. ‘त्याच्याकडे बंदूक आहे’ असे सांगणाऱ्याला ‘तो बंदुकीचे काय करतो आहे, ती होल्स्टरमध्ये आहे की हातात, कोणावर रोखली आहे का, हे तुम्ही स्वतः पाहिले का’ हे विचारलेच पाहिजे आणि आलेले उत्तर शब्दशः पुढे गेले पाहिजे. यासाठी ना घटनादुरुस्ती लागते ना न्यायालयाचा निकाल.

दुसरी जागा विधिमंडळाची. टेक्सासने २०१५ मध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा दिली, तेव्हा ह्यूस्टनचे डेमोक्रॅट आमदार हॅरल्ड डटन आणि डॅलसचे रिपब्लिकन सिनेटर डॉन हफाइन्स या दोन टोकांच्या माणसांनी एकच दुरुस्ती सुचवली होती: केवळ परवाना तपासण्यासाठी पिस्तूलधारकाला पोलिसांनी अडवू नये. पोलीस संघटनांनी विरोध केला आणि अंतिम मसुद्यातून ती दुरुस्ती काढून टाकली गेली. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मुभा दिली. ओहायो आणि टेक्सास त्यांत आहेत. तपासायला परवानाच उरला नाही, तेव्हा अडवण्याचे ते निमित्तही उरत नाही. ज्या विधिमंडळांनी ही मुभा मोठ्या अभिमानाने मंजूर केली, त्यांनी डटन-हफाइन्स दुरुस्तीचा आशय आपल्या कायद्यात घालावा, तो मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईची तरतूद करावी आणि शस्त्राच्या कारणावरून अडवलेल्या प्रत्येक माणसाचा वंश, जागा व कारण यांची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करणे पोलिसांना बंधनकारक करावे.