दिसला का?

पक्षी पाहण्याच्या सहलीत गाइड दिवसभर एकच प्रश्न विचारत राहतो : “दिखा?” आसामातल्या काझिरंगाच्या गवतापासून अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या डोंगरी जंगलापर्यंत नऊ दिवस चाललेल्या आमच्या सहलीत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही, मात्र काहीही दिसलेले नसताना “हो, दिसला” असे उत्तर किती वेळा दिले, ते मला नेमके ठाऊक आहे. सहा वेळा. त्यांपैकी पाच मी पचवले.

काझिरंगाला जाताना आपली अशी समजूत असते की तेथे कोणी काही दाखवण्याची गरजच पडणार नाही. २०२२च्या गणनेत या एका उद्यानात २६१३ गेंडे मोजले गेले, म्हणजे जगातल्या एकशिंगी गेंड्यांपैकी निम्म्याहून अधिक येथेच राहतात. आणि गेंडा ही काही पानाआड लपणारी वस्तू नव्हे. पण ब्रह्मपुत्रेच्या गाळावर वाढणारे तेथले गवत उभ्या माणसाच्या दुपटीहून उंच जाते आणि त्यात गेंडा सहज नाहीसा होतो. वनखात्याचे लोक हिवाळ्याच्या अखेरीस हे वाळके गवत पट्ट्यापट्ट्याने जाळतात, मग काळ्या राखेतून कोवळे पोपटी कोंब येतात, ते खायला जनावरे उघड्यावर येतात, आणि आमच्यासारखे प्रवासी नेमके त्याच सुमारास दुर्बिणी घेऊन पोचतात. न जळलेल्या पट्ट्यात मात्र गवत सगळीकडे सारखेच दिसते. त्यात बोट दाखवून काय सांगणार? कडेला फुललेली एखादी सावर असली तर ‘सावरीच्या खाली’ असे सांगता येते. सावर नसली तर सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांचीही पंचाईत होते.

त्यावर गाइड लोकांनी घड्याळाचा उपाय काढलेला आहे. जीपचे तोंड म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, पाठ म्हणजे सहा. पहिल्या सकाळी गाइड हलक्या आवाजात “गेंडा, तीन बजे” म्हणाला, तेव्हा मागच्या बाकावरच्या काकांनी मनगट वर करून पाहिले आणि, “अजून साडेसहाच होतायत, तोवर थांबायचं का?” असे अगदी मनापासून विचारले. आम्ही हसेपर्यंत तीनच्या दिशेला गवतातून दोन कान वर आले. कानांच्या कडांना केसांची झालर होती, एक कान आमच्याकडे वळलेला, दुसरा स्वतंत्रपणे मागे फिरत असलेला. त्यांच्या मागे, हवेतच उभा असल्यासारखा एक गायबगळा दिसत होता, आणि तो कशावर उभा आहे हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला. संपूर्ण गेंडे त्यानंतर पुष्कळ पाहिले. पण तो दोन कानांचा आणि एका बगळ्याचा गेंडा अधिक लक्षात राहिला आहे.

माझे पहिले खोटे याच उद्यानातले. बंगाली तणमोराचा नर काळा कुळकुळीत असतो आणि त्याचे पंख पांढरे असतात. विणीच्या दिवसांत मादीचे लक्ष वेधण्यासाठी तो गवतातून सरळ वर झेप घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात उतरतो. स्वतःला दाखवण्याची इतकी चोख व्यवस्था केलेला पक्षी चुकण्याचे खरे तर काहीच कारण नाही. पण गाइड ओरडला तेव्हा मी मान खाली घालून गळ्यातली दुर्बीण शोधत होते, ती डोळ्यांपर्यंत आणली तोवर उडी संपली होती, आणि जगातल्या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एकाच्या जागी मला वाऱ्यावर डोलणारे गवत मिळाले. जीपमधले सगळे हरखून गेले होते. “दिखा, मॅडम?” मी मान डोलावली. त्या आनंदात एकटीने मिठाचा खडा टाकणे मला जमले नाही.

दुर्बिणीचे एक शास्त्र आहे, आणि ते मला त्या दिवशी दुपारी शिकवण्यात आले. नजर पक्ष्यावरून काढायची नाही. नजर तेथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बीण शोधायला खाली पाहिले की पक्षी गेलाच. शिवाय माझ्या दुर्बिणीवर ‘८×४२’ असे लिहिले होते, त्यातला आठ हा आकडा मी मोठ्या अभिमानाने मिरवत असे. पण आठपट जवळ आणणारे ते यंत्र आजूबाजूचे सगळे कापून टाकते आणि हजार मीटर अंतरावर जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर रुंदीचा तुकडा हाती ठेवते, हे कोणी सांगितले नव्हते. उजव्या भिंगाखाली एक बारीक कडे असते, ते आपल्या दोन डोळ्यांतला फरक जुळवून घेण्यासाठी असते, हेही नाही. माझे कडे कोण जाणे कधीपासून एका टोकाला फिरलेले होते. गाइडने ते दोन बोटांनी फिरवून मध्यावर आणले आणि समोरच्या सावरीवरच्या साळुंकीचा डोळासुद्धा अचानक लख्ख दिसू लागला.

नंतर ब्रह्मपुत्रा ओलांडून, भालुकपोंगच्या नाक्यावर परमिटे दाखवून आम्ही डोंगर चढू लागलो. ईगलनेस्टची सर्वांत खालची दरी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आणि सर्वांत उंच माथा सुमारे ३२५० मीटरवर आहे. एका कच्च्या रस्त्याने दिवसभरात केळीच्या रानातून निघून ऱ्होडोडेंड्रॉनच्या थंडीत पोचता येते, आणि दर काही वळणांनी पक्षी बदलतात. देशाचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आणि हे डोंगर त्याच्या दहा अंश पूर्वेला, त्यामुळे सूर्य आपल्या घड्याळाला न विचारता चाळीस मिनिटे आधीच उगवतो. तंबूबाहेर साडेचारला चहा येत असे.

गवतात खुणेला काहीच नव्हते; येथे खुणाच खुणा होत्या. तिथला आमचा गाइड जवळच्याच गावचा, बुगुन समाजातला पंचविशीचा तरुण होता, आणि त्याचे पत्ते सांगणे ऐकत राहावे असे होते : शेवाळाची दाढी लोंबणारी फांदी घ्या, तिच्या डावीकडे मोडका बुंधा आहे, बुंध्यावर ऑर्किड आहे, ऑर्किडच्या हातभर वर. पत्ता पूर्ण होईपर्यंत पक्षी घर बदलून गेलेला असे. तो स्वतः पाहण्याआधी ऐकत असे. वाळक्या पानावर पाऊल पडावे इतक्या बारीक आवाजाला तो थबके, आम्हाला हाताने थांबवी, आणि अर्ध्या मिनिटाने तेथून बोटभर वटवट्या निघे. या वटवट्यांच्या कित्येक जाती नुसत्या रंगावरून वेगळ्या करता येत नाहीत, आवाजच ऐकावा लागतो.

मिश्र थवा आला की मात्र हे सगळे पत्ते कोसळत. बराच वेळ जंगल मुके असते आणि मग एकाएकी समोरचे झाड जिवंत होते. युहिना शेंड्यावर, मिन्ला मधल्या फांद्यांत, फुलव्हेट्टा खालच्या झुडपांत, प्रत्येक जात आपापल्या मजल्यावर किडे टिपत पुढे सरकते, आणि एखादा कोतवाल कडेने राखणदारी करता करता इतरांनी उठवलेले किडे मटकावतो. एकत्र हिंडल्याने शिकारी पक्ष्यावर जास्त डोळे राहतात, असा त्यातला हिशेब आहे. दोन-तीन मिनिटांत वरात पुढल्या झाडावर जाते. तेवढ्या वेळात गाइड पंधरा नावे उच्चारतो आणि दर नावामागे “दिखा?” विचारतो. माझी चार खोटी एका सुलतान टिटभोवतीच्या अशाच एका वरातीत खर्ची पडली. सुलतान टिट तेवढा खराच पाहिला. काळ्या अंगावर पिवळा जर्द तुरा मिरवणारा तो पक्षी न दिसणे मलाही शक्य झाले नाही.

पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला समोर बोलावण्याची एक युक्ती असते. आमचा गाइड ती फार क्वचित वापरत असे. विणीच्या दिवसांत पक्षी आपले काम सोडून त्या न दिसणाऱ्या वैऱ्याचा शोध घेत बसतो, असे त्याने सांगितले, आणि मला ते लगेच पटले. नसलेल्या पक्ष्याचा शोध घेण्यात जाणारे दिवस मला परिचयाचे झाले होते.

ज्या पक्ष्यासाठी लोक ईगलनेस्टला येतात, त्या बुगुन लायोसिक्लाची गोष्टही ‘दिसला का’ याचीच आहे. रमण अथ्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. त्यांना १९९५मध्ये येथे एक अनोळखी जोडी दिसली, आणि पुन्हा तो पक्षी दिसायला २००५ उजाडले. दहा वर्षे एखाद्याने “हो, मला दिसला होता” एवढेच धरून बसणे काय असेल, याची मला आता थोडी कल्पना येते. नवी जात जाहीर करायची तर पक्षी मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवायचा, अशी जुनी रीत; पण सापडलेले पक्षी इतके थोडे होते की त्यांतला एकही मारणे त्यांना मान्य नव्हते. २००६मध्ये जाळ्यात पकडलेले पक्षी मोजमापे घेऊन सोडून दिले गेले, आणि जाळ्यात गळालेली पिसे व छायाचित्रे एवढ्या पुराव्यावर नवी जात नोंदली गेली. नाव दिले ते या डोंगरातल्या बुगुन लोकांचे. त्यांच्या गावाने २०१७मध्ये त्या पक्ष्याचे रान सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. आम्हाला धुके दिसले. तीन सकाळी तेच दिसले, आणि तेथे खोटे बोलण्याचे धाडस मला झाले नाही.

रोज रात्री जेवणानंतर यादी होत असे. गाइड कंदिलाच्या उजेडात दिवसभराची नावे वाचे आणि प्रत्येक जण हो किंवा नाही म्हणे. सातव्या रात्री त्याने “वॉर्ड्स ट्रोगॉन” वाचले. हा मलबारी कर्ण्याचा हिमालयातला भाऊबंद. फांदीवर मिनिटामिनिटांत हलत नाही, बसल्या जागी बसून राहतो, तेव्हा तो न दिसण्याला सबबही उरत नाही. सकाळी सगळे दहा मिनिटे त्याला पाहत होते, आणि मीही त्यांच्याबरोबर दहा मिनिटे पानेच पाहून “हो” म्हटले होते. माझा क्रम आला तेव्हा का कोण जाणे, मी म्हटले, “माझा ‘हो’ खोडा. मला दिसला नव्हता.” काका म्हणाले, “अहो, मग बोलायचं नाही का तेव्हा?” आणि आपला हो त्यांनी किंचित घाईने सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाइड मला त्याच वळणावर घेऊन गेला. काल मी जेथे उभी होते तेथेच मला उभे केले, माझ्या मागे आला, आणि गुडघे वाकवून आपले डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणले. मी पाच फुटांना जेमतेम पोचते. तो तसाच वाकलेला काही वेळ पाहत राहिला.

“मॅडम, यहाँ से तो दिखेगा ही नहीं,” तो म्हणाला. समोर नेच्याचे एक मोठे पान आडवे आलेले होते. त्याच्या उंचीवरून ते पान नव्हतेच. त्याने मला दीड पाऊल डावीकडे सरकवून रस्त्याकडेच्या दगडावर चढवले. फांदी स्वच्छ समोर आली; शेवाळाने माखलेली, टोकाशी वाकलेली, शेवाळातून थेंब टपकत असलेली. तिच्यावर कोणीही नव्हते. आम्ही दोघे उजाडेपर्यंत तिच्याकडे पाहत उभे राहिलो.

रात्री त्याने पुन्हा वाचले, “वॉर्ड्स ट्रोगॉन, मॅडम?”

“फांदी,” मी म्हटले. त्याने काहीतरी लिहून घेतले.